वीस मुलांची शाळा

पिकुन येणार असा फोन आला, त्याच संध्याकाळी लामुननं घरनोंदणीचं निळं पुस्तक कपाटातून काढलं आणि तांदळाच्या कणगीत, कोपरापर्यंत हात घालून, पुरून ठेवलं. खोटं बोलायचं नाही हे व्रत तिनं पस्तीस वर्षं पाळलं होतं. तेव्हा लेकीनं विचारलंच तर काय म्हणायचं तेही ठरवून टाकलं. "हरवलं" म्हणायचं नाही. "असेल इथंच कुठंतरी" म्हणायचं. कणगी इथंच होती, म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. तरीसुद्धा बुद्धमूर्तीपुढं उदबत्ती लावताना त्या दिवशी तिची मान जरा जास्तच खाली गेली.

पुस्तकात ज्याचं नाव, ते मूल त्या घरचं. नऊ वर्षांच्या फांगचं नाव आजीच्या पुस्तकात होतं. आई, म्हणजे पिकुन, दूर रायोंगला, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. चौघीजणी एका खोलीत राहायच्या, तिथं पोरीचं नाव कुठं लावणार? आता पिकुनच्या मनात होतं की फांगला नोंग फाकवानच्या गावशाळेतून काढून डोन मूमोनच्या मोठ्या शाळेत घालायचं. त्यासाठी ते पुस्तक हवं होतं आणि लामुनची सही.

आणि फांग गेली की गावच्या शाळेत उरणार होती एकोणीस मुलं. जिल्ह्याच्या कार्यालयाचं पत्र लामुनच्या धाकट्या भावानं, विचियाननं, गावप्रमुख या नात्यानं कर्ण्यावरून साऱ्या गावाला वाचून दाखवलं होतं. नव्या वर्षाला पटावर वीस मुलं असतील तर शाळा राहील. एक जरी कमी पडलं तर कुलूप.

लामुन त्या शाळेत बावीस वर्षं दुपारचा स्वयंपाक करत होती.

शुक्रवारी पहाटे पिकुन बसमधून उतरली. फावेतच्या, म्हणजे वेस्सन्तर राजाची कथा ऐकायच्या, सणासाठी गावची शाळा बंद होती, डोन मूमोनची चालू होती, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. हातपाय धुतले, चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवून उभ्याउभ्या खाल्ला आणि म्हणाली, "मे, चल, शाळा बघून येऊ."

"आज? पाहुणे यायचेत. खाओपुनच्या शेवयांचा रस्सा कोण करणार?"

"प्रानोममामी बघेल. नऊ किलोमीटर तर आहे."

"शाळेत बघायचं काय? शाळा ती शाळा."

"मग बघायला घाबरतेस कशाला?"

आईनं पदराला हात पुसले. पिकुननं मोटारसायकल काढली, मध्ये फांग, मागं लामुन, आणि तिघी निघाल्या.

सोयरिकीला गेलेली बाई जशी मुलाचं घर बघते, तशी लामुननं ती शाळा बघितली. म्हणजे तोंडावर हसू आणि नजर कोपऱ्यात. आधी संडास उघडून बघितले. स्वच्छ होते. तिला वाईट वाटलं. नळ सोडून बघितला, पाणी आलं. प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली, प्रत्येक खोलीत एक जिवंत बाई किंवा गुरुजी, पुस्तकांची एक अख्खी खोली, आणि छताला पंखे. शेवटी ती स्वयंपाकघरात शिरली. तिथं मात्र जीव जरा थाऱ्यावर आला. डाव उचलून तिनं रस्सा चाखला.

"पातळ आहे," ती म्हणाली.

तिथली स्वयंपाकीण तिच्याच वयाची होती. तिनं लामुनच्या हातांकडं बघितलं. "तुम्हीही आमच्यातल्याच ना? बोटं सांगतात. किती पोरं तुमच्याकडं?"

"वीस."

"वीस!" ती बाई असं म्हणाली की लामुनला कळेना, हेवा होता की कीव. "माझ्याकडं एकशे ऐंशी. वीस असती तर मीही घट्ट केला असता हो."

तिसरीच्या वर्गात एक तरुण बाई बाह्या वर करून शिकवत होती. तिनं फांगला सरळ आत बोलावून बाकावर बसवलं. फळ्यावर वजाबाकी होती, चारशे दोनमधून एकशे सत्तावन्न. कुणी हात वर करायच्या आत फांग खणखणीत ओरडली, "तीनशे पंचावन्न!"

"नाही. चुकलं," बाई म्हणाली. "इकडं ये. दोनातून सात कसे गेले, ते मला दाखव बघू."

खिडकीत उभ्या लामुनच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्या पोरीला, पहिल्याच दिवशी, तीस जणांसमोर! पण फांग फळ्याशी गेली. लिहिलं, पुसलं, डोकं खाजवलं, परत लिहिलं. बाई शेजारी उभी राहून नुसती बघत होती. दोनशे पंचेचाळीस आले तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि वर्गातली अर्धी मुलं बाहेर पळाली होती. बाई अजून तिथंच होती.

परत येताना फांग दोघींच्या मधून मान वळवून वळवून आजीशी बोलत होती. "याय, बाईंनी मला चूक म्हटलं!"

"ऐकलं मी. चारचौघांत. ही काय रीत झाली?"

"अगं तसं नाही, याय! आपल्या शाळेत टीव्हीवर शिकवणाऱ्या बाई प्रश्न विचारतात ना, मग जरा वेळ गप्प बसतात, मग म्हणतात, 'शाब्बास, अगदी बरोबर!' काहीही सांगितलं तरी अगदी बरोबर. मी एकदा 'म्हैस' म्हणाले."

"कशाला?"

"नकाशात राजधानी विचारली होती."

पिकुन पुढं बसून हसायला लागली. हसता हसता तिचे खांदे हलायचे थांबले, पण तिनं मागं वळून बघितलं नाही.

दुपारी खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत चटया टाकून सगळे केळीच्या पानात चिकट भात आणि केळ्याच्या पुड्या बांधायला बसले. पाहुण्यांच्या दोन पंगती उठून गेल्या होत्या. प्रानोम पुड्यांवर दोरा गुंडाळत होती. ती विचियानची बायको, आणि गावच्या शाळेतली बाई. पूर्वी तिथं तिघी होत्या, आता सहा इयत्तांना मिळून ती एकटी उरली होती. अख्खं गाव तिला प्रानोमबाई म्हणे, नवरासुद्धा.

विचियान आला तो खाकी शर्टातच. उद्याच्या प्रवचनासाठी कर्णे बांधून आला होता, घामानं निथळत होता.

"काय पिकुन, राजवाडा बघून आलीस म्हणे."

"शाळा बघितली, मामा. पंखे आहेत तिथं."

"पंखे? मी उद्या लावतो पंखे."

"दोन वर्षं झाली, तुमचा उद्या काही उगवत नाही."

चटईवर हशा पिकला. विचियानही हसला. त्याला टोला लागला की तो आधी हसायचा, मग परतवायचा. तो थोरल्या बहिणीकडं वळला. "पी, तू सांग. तू तर आत शिरून बघून आलीस. कशी आहे?"

"रस्सा पातळ आहे," लामुन म्हणाली.

"झालं! ऐकलंस? पोरगी पंखा खाणार आहे का?" तो मांडी घालून बसला, एक पान ओढून घेतलं. "गंमत सोड. ती जमीन आपल्या बापानं दिली. खांब त्यानं आणि गावानं खांद्यावर वाहून आणले. सकाळी पोरं झेंड्यापाशी देशाचं गाणं म्हणतात तेव्हा गावाला आठ वाजलेले कळतात. माणसं शेतात असली तरी थांबतात. ते गाणं बंद पडलं की गावात राहिलं काय? म्हातारी माणसं आणि कुत्री."

"घड्याळ आणून देते, मामा."

या वेळी कुणी हसलं नाही. पिकुनलाही कळलं की जरा जास्त झालं. तिनं मान खाली घालून पुडी बांधायला घेतली, पण विचियानचा पारा चढला होता.

"माझं ऐकू नकोस. हिला विचार. सव्वीस वर्षं शिकवतेय. तुलाही हिनंच शिकवलं. दोन्ही शाळा हिच्या बघण्यातल्या आहेत. प्रानोमबाई, सांगा हिला, चांगली शाळा कुठली ते."

प्रानोमनं दोरा दातानं तोडला.

"डोन मूमोनची," ती म्हणाली.

कुठंतरी लांब कर्ण्याची चाचणी चालली होती, एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. विचियानच्या हातातलं पान फाटलं.

"काय म्हणालीस?"

"मी वाईट शिकवत नाही. मी एकटी शिकवते. पहिलीतल्या पोराचा हात धरून अक्षर गिरवायला बसले की पाचवी टीव्हीच्या हवाली. पाचवीकडं वळले की पहिलीतलं पोर अंगठा चोखत बसतं. गेल्या पावसाळ्यात इथून गेलेला एक मुलगा बाजारात दिसला. त्यानं मान फिरवली. मी म्हटलं, बघा, मोठ्या शाळेत गेला आणि माजला. घरी येऊन कळलं. त्याला तिथं काही येत नव्हतं. लाज वाटली त्याला." तिनं पुढची पुडी घेतली. "वाटायला मला हवी होती."

"घरात नाही बोललीस हे कधी!"

"घरात नाही विचारलंस कधी."

विचियान उठला. खाकी शर्ट झटकला, जणू त्यावर भात सांडला होता. "माझ्याच घरात," एवढंच तो म्हणाला, आणि मोटारसायकलचा आवाज तळ्यापर्यंत ऐकू येत राहिला.

लामुनला आधार वाटला होता तो असा एका शब्दात गेला. ती, भाऊ आणि भावजय, तिघं एका बाजूला; लेक एकटी दुसऱ्या बाजूला. आठवडाभर तिनं मनात हाच हिशोब मांडला होता. आता ती स्वतःच एकटी पडली होती.

"आणि तू, मे," पिकुन म्हणाली. आवाजात धार होती. "पुस्तक कुठं आहे विचारलं तर म्हणतेस, असेल इथंच कुठंतरी. तुला काय, नोकरी जाईल याची भीती आहे."

"नोकरी?" लामुनच्या हातातला भात पानावर तसाच राहिला. "कुठलं पोर कांद्याची पात वेचून बाजूला ठेवतं, ते मला माहीत आहे. कुणी घरून उपाशी आलंय, ते मला चालण्यावरून कळतं. त्याला नोकरी म्हणतेस? म्हण बाई." आणि मग जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तेच तोंडातून गेलं. "तूही अशीच गेलीस. आधी डोन मूमोन. म्हटलं, नऊ किलोमीटर, संध्याकाळी येते परत. मग रायोंग. एकेक शाळा, एकेक बस, तुला एक थांबा पुढं नेत गेली. तू वर्षातून दोन दिवस येतेस. मला ती वाट पाठ आहे, पिकुन. मला आता तिच्यावर दुसरं कुणी घालायचं नाही."

पिकुननं पानाची शीर नखानं सोलून काढली.

"मे, तुला वाटतं शाळेनं नेलं मला?" ती म्हणाली. "डोन मूमोनला, सातवीत पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला उभं केलं, वाच म्हणाल्या. मी अक्षर जुळवत होते. एक ओळ. अख्खा वर्ग वाट बघत होता. हसलं नाही कुणी. हसले असते तर मीही हसले असते. शेवटी बाईंनीच राहिलेली ओळ वाचून टाकली आणि हळूच म्हणाल्या, बस. त्यानंतर तीन वर्षं मला कुणी वाचायला सांगितलं नाही. मी मागं बसायचे. पोट दुखतं म्हणायचे आणि तू मला आल्याचं पाणी द्यायचीस. नववीनंतर सोडलं. वाचता आलं असतं तर मी इथल्या दवाखान्यात लागले असते, मे. किंवा डोन मूमोनच्या बँकेत. रोज संध्याकाळी घरी आले असते."

मामी शेजारीच बसलीय हे लक्षात आलं तेव्हा ती दचकली आणि तिनं प्रानोमकडं बघितलं. "मामी, तुम्हाला नव्हतं म्हणायचं."

"मलाच म्हणायचं होतं," प्रानोम म्हणाली. "आणि तेव्हा आम्ही तिघी होतो."

पुड्या बांधून झाल्या. मोठ्या पातेल्यात रचल्या. फांग शेजारच्या पोरींबरोबर हातानं रंगवलेलं लांब कापड बघायला विहारात पळाली होती. त्या कापडावर सर्वस्व दान करणाऱ्या वेस्सन्तर राजाची सगळी गोष्ट काढलेली होती, आणि दरवर्षी ते जंगलातून गावात मिरवत आणायचं असायचं.

ऊन कलल्यावर उद्याच्या हजार भातगोळ्यांसाठी तांदूळ भिजत घालायचा होता. लामुन चुलीपाशी गुंतली होती. वळून बघते तर पिकुन कणगीपाशी. लामुनच्या तोंडून "थांब" निघेना. लेकीनं माप आत घातलं, एकदा काढलं, दुसऱ्यांदा घातलं, आणि तिचा हात थांबला. खोल, मनगटाच्या वर तांदळात. चुलीत लाकूड तडतडलं. पिकुननं हात बाहेर काढला. मापात फक्त तांदूळ होता, काठोकाठ, वरून हातानं सारखा केलेला.

"मे, किती भिजवू?"

"चार मापं."

तिनं आणखी दोन मापं काढली, दुसऱ्या बाजूनं, आणि कणगीचं झाकण लावलं.

शनिवारी उजाडायच्या आधी सगळं गाव विहाराला प्रदक्षिणा घालत होतं. हजार गाथांचे हजार गोळे काड्यांना लावून कोपऱ्याकोपऱ्यातल्या टोपल्यांत टाकून झाले आणि प्रवचन सुरू झालं. तेरा अध्याय, तेही एका दिवसात. जो सगळे तेरा एका बैठकीत ऐकेल त्याला पुढच्या बुद्धाच्या काळात जन्म मिळतो. लामुन पस्तीस वर्षं ते ऐकत आली होती. बाळंतपणानंतर विसाव्या दिवशीसुद्धा पिकुनला मांडीवर घेऊन, खांबाला टेकून, तिनं तेरा अध्याय ऐकले होते. आवाजाची ती दर्दी. कुठल्या भंतेंचा श्वास कुठं संपतो, कोण रडवताना स्वतःच वाहून जातो, कोण शब्द खाऊन सूर लांबवतो, सगळं तिला कळायचं. गाणाऱ्या भंतेंनी एखादी जागा उत्तम घेतली की तिच्या पाठीतून गार वारं जायचं, आणि ती मनात म्हणायची, हा जन्म एवढ्यासाठी तरी बरा.

कुठला अध्याय कुठल्या घरानं मांडायचा, त्याच्या चिठ्ठ्या निघायच्या. यंदा त्यांच्या घराला आला होता नववा, वेस्सन्तराच्या राणीचा, माद्रीचा. नव्वद गाथा, म्हणून नव्वद मेणबत्त्या. आयुष्यात पहिल्यांदाच लामुन यजमानीण म्हणून धर्मासनाच्या अगदी पुढ्यात बसली होती. शेजारी पिकुन, तिच्या कडेला फांग, मागं प्रानोम. विचियान घंटेपाशी उभा होता. अध्याय संपला की घंटा वाजवायचं काम गावप्रमुखाचं. त्यानं सकाळपासून घरच्यांपैकी कुणाकडं बघितलं नव्हतं.

दुपारी एकच्या सुमाराला रोई-एतहून आलेले तरुण भंते आसनावर बसले.

"गेल्या वर्षीच्यांचा घसा बसला होता," मागची एक म्हातारी दुसरीला म्हणाली. "ह्यांचा बघ. नुकतं मिसरूड फुटल्यासारखा दिसतो, काय रडवणार?"

"तोंड मिट गं. सुरू झालं."

आणि त्यांनी रडवलं. माद्री रानातून फळं घेऊन निघते, वाटेत सिंह, वाघ, बिबळ्या आडवे येतात, तिला उशीर होतो. ती पर्णकुटीशी येते आणि मुलं नाहीत. रोज धावत यायची, ती नाहीत. पाणवठ्यावर बघते. ज्या झाडाखाली खेळायची तिथं बघते. मातीचे हत्ती तिथंच पडलेले. वेस्सन्तर गप्प आहे, त्यानं मुलं दान देऊन टाकलीत आणि तो तिला सांगत नाही. भंतेंनी "जाली बाळा, कान्हा बाळा" ही हाक तीनदा घेतली, तिन्ही वेळा वेगळ्या उंचीवरून, आणि तिसरी हाक अशी सोडून दिली की ती परत आलीच नाही. बायका पदर तोंडात धरून रडत होत्या. लाह्या उधळल्या जात होत्या. विहाराच्या दारात लांब ढोल घुमायला लागले. दरवर्षी माद्री मूर्च्छित पडली की असंच व्हायचं. यजमान उठायचे, नोटा लावलेली दानाची झाडं नाचवत आणायचे, ढोल, टाळ्या, हुंदके, सगळं एकत्र. भंते पुढचं गात राहायचे आणि ते कुणाला ऐकू यायचं नाही.

लामुन पुढ्यातच बसली होती. तिला ऐकू आलं.

वेस्सन्तर माद्रीच्या डोक्यावर पाणी शिंपडतो. ती डोळे उघडते. तो सांगतो, मी मुलं दिली. आणि माद्री, केस मोकळे, गुडघे फुटलेले, हात जोडते. म्हणते, दिलंत ते चांगलं दिलंत. मी त्यात आहे.

लामुनच्या हातातली मेणबत्ती वाकडी झाली. पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं ती छातीवर हात ठेवून सांगत आली होती की तेरा अध्याय ऐकलेत, आणि नवव्याचा शेवट तिनं एकदाही ऐकला नव्हता. दरवर्षी ती इथं ढोलात रडत होती आणि माद्रीला रानात पडलेली सोडून घरी जात होती.

तिला माद्रीचा राग आला. असं कसं म्हणाली ही? मग वेस्सन्तराचा आला. आधी देऊन मोकळा, मग सांगतो! बाईला विचारायचं नाही? आणि त्या रागातच तिला कालचा तांदूळ आठवला. खोल गेलेला हात, काठोकाठ भरलेलं माप. तिच्या लेकीला पुस्तक सापडलं होतं. सकाळी सगळे विहारात असताना ती ते घेऊन सही गिरवू शकली असती. कारखान्यात चौघीजणी एकमेकींच्या सह्या करतात. तिनं घेतलं नाही. माद्रीला जे कुणी विचारलं नाही, ते पिकुन कालपासून तिला विचारत उभी होती.

"पिकुन," ती म्हणाली. ढोलांमुळं तिला ओरडावं लागलं. "सोमवारी मी जाते तिला घेऊन. सही करते."

पिकुन तिच्याकडं बघतच राहिली. "मे, तू…"

"त्या तिसरीच्या बाईंना फोन करून सांग. रागवा म्हणावं, पण जेवायच्या वेळी नको. कुणी रागावलं की ही खात नाही."

फांगनं मध्येच विचारलं, "मी काय नाही खात?" आणि प्रानोमनं तिला मागून जवळ ओढलं.

लामुन उठून घंटेपाशी गेली. विचियाननं तिचा चेहरा बघितला आणि ओळखलं.

"पी. तूसुद्धा?"

"हो."

"बापाचे खांब आहेत ते."

"खांब राहतील. मी जाऊन झाडत जाईन."

"आठ वाजता काय करू मी?" त्याचा आवाज लहानपणी तळ्यात पाय घसरायचा तेव्हासारखा झाला होता. "कर्ण्यावर गाण्याची तबकडी लावीन. पण पोरांचे आवाज कुठून आणू? तो एक पोरगा दर वेळी आधीच सुरू करतो, बाकीची मागून पळत येतात. ते कुठून आणू, पी?"

तिलाही तेच हवं होतं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, घामानं भिजलेल्या खाकी शर्टावर, आणि दोघं बहीणभाऊ तसेच उभे राहिले. भंतेंनी पोथी मिटली. सगळ्यांच्या माना घंटेकडं वळल्या. कुणीतरी खोकलं. विचियाननं घंटेची मोगरी उचलली, धरून ठेवली, आणि मग मारली. एकदा. दोनदा. तिसरा टोला जरा हळू पडला.

ती परत येऊन बसली तेव्हा पिकुन मोबाइलवर वेळ बघत होती. तीनची बस. रविवारी सकाळी कारखान्यात पाळी.

"पुढं काय होतं गं?" पिकुननं विचारलं. "मी लहानपणी नवव्याला झोपायचे आणि मग घरीच उठायचे. मुलं परत मिळतात का?"

"मिळतात. बाराव्यात."

"तो कधी?"

"ऊन उतरल्यावर. पाच तरी वाजतील."

पिकुननं पिशवी उचलली नाही. दहाव्या अध्यायाचे भंते आसनावर चढले, म्हातारे, संथ, सूर न सांडणारे. लामुनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कान मात्र त्यांच्या पहिल्या श्वासाकडं लागले होते.

"बसमध्ये बसलीस की फोन करू नकोस, मी ऐकत असेन," ती म्हणाली. "उतरलीस की कर. कसे भेटले ते सगळं सांगीन."

"गाऊन सांगशील?"

"गाईन."

पिकुन अजून थोडी सरकून आईच्या गुडघ्याला टेकली. बसला वीस मिनिटं होती.